पुढच्या खेपेला



तुमच्यापैकी अनेक जण रविवारच्या संपर्कसत्राला दुचाकीवरून येतात. पावसाळ्यात अभ्यासकेंद्राच्या व्हरांड्यात रेनकोट ओळीने टांगलेले असतात, त्यांच्याखाली पाण्याची लहान लहान तळी साचलेली असतात आणि पहिल्या तासाला वर्गभर ओल्या कापडाचा वास भरून राहतो. कोणी चाळीस किलोमीटरवरून आलेला असतो, कोणी रात्रपाळी आटोपून थेट. अशा वर्गांसमोर उभे राहून मी बोलीभाषांच्या क्षेत्रीय संशोधनाविषयी अनेक वर्षे बोलत आलो. माहिती देणाऱ्या व्यक्तीला विश्वासात घ्यावे, ध्वनिमुद्रणापूर्वी तिची परवानगी घ्यावी, तिचे म्हणणे जसेच्या तसे नोंदवावे, आपले शब्द तिच्या तोंडी घालू नयेत. या सूचनांमधले एक वाक्य मी नेहमी गाळत असे. ते का गाळत असे हे सांगायचे, तर तुम्हाला २०२२च्या श्रावणातल्या एका शनिवारी माझ्या मोटारसायकलच्या मागच्या आसनावर बसवून कोल्हापूरहून फोंडाघाटापर्यंत नेले पाहिजे. पाऊस आहे, रस्ता वळणांचा आहे आणि चालवणारा पंचावन्न वर्षांचा आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

माझी पीएच.डी. झाली ती याच रस्त्याच्या जिवावर. घाटावरची बोली कोठे संपते, घाटाखालची कोठे सुरू होते आणि मधल्या गावांत काय होते, हा प्रबंधाचा विषय होता. १९९४ ते १९९६ या काळात दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी या भागात फिरलो. तेव्हा माझ्याकडे जुनी येझदी होती. किक आणि गिअर एकाच दांडीवर असलेली ती गाडी घाटात बंद पडली की पुन्हा सुरू करताना पोटरीची परीक्षा पाहत असे. टाकीवर टेपरेकॉर्डर बांधलेला, पाठीवर वह्यांची पिशवी. वाड्यावाड्यांतली मुले 'फटफटी इली' म्हणून मागे धावत येत.

फोंडाघाट गावाजवळच्या एका वाडीत मला एक आजी भेटल्या. सत्तरीच्या पुढच्या होत्या. शाळेची पायरी त्या चढल्या नव्हत्या, आणि बोलायला लागल्या की थांबत नसत. भाषावैज्ञानिकाला यापेक्षा अधिक काय हवे असते? तीन कॅसेटी एकट्या त्यांच्या भरल्या. त्यातली एक संपूर्ण पावसावर होती. बाहेर मे महिन्याचे ऊन, खळ्यात वाळत घातलेले कोकम, आणि आजी मला आषाढाविषयी सांगत होत्या. शेवटच्या दिवशी मी निघालो तेव्हा त्यांचा मुलगा रस्त्यापर्यंत आला. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. म्हणाला, "आवशीचो आवाज माका व्हयो." आईचा आवाज मलाही हवा. मी म्हणालो, "देतो की. पुढच्या खेपेला कॅसेटची नक्कल करून आणतो."

पुढची खेप झाली नाही. प्रबंध लिहिणे, मौखिक परीक्षा, नोकरीत कायम होणे, घर, मुले. ही कारणे तुम्हाला सांगताना मला जाणवते की तुमच्याकडे याहून कितीतरी मोठी कारणे असतात आणि तरीही तुम्ही गृहपाठ वेळेवर पाठवता. कॅसेटची नक्कल करायला तेव्हा दोन टेपरेकॉर्डर, एक वायर आणि एक संध्याकाळ एवढेच लागत होते. ती संध्याकाळ मला सापडली नाही. २००३ साली आजी गेल्या. त्या भागातून आलेल्या एका विद्यार्थ्याकडून बोलता बोलता ते कळले.

ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट मानतात, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आमचे घर नदीपासून लांब नाही. तळमजल्यावर पाणी चढले आणि सहा दिवस राहिले. पलंगाखालच्या लोखंडी पेटीत माझ्या क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाच्या चौतीस कॅसेटी होत्या. पेटी उघडली तेव्हा आत चिखल होता. फिती एकमेकींना चिकटून त्यांची पट्टी झाली होती. मी काही कॅसेटी स्वच्छ पाण्यात धुतल्या, सावलीत वाळवल्या, नव्या खोळीत भरून पाहिल्या. एकीतून मिनिटभर खरखर आली आणि फीत तुटली. वह्या मात्र माळ्यावर होत्या, त्या वाचल्या. त्यांत आजींचे बोलणे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवून घेतलेले होते.

त्यानंतर तीन वर्षे मी गेलो नाही. त्यांतली पहिली दोन टाळेबंदीच्या नावावर टाकता येतील. तिसरे वर्ष मात्र माझेच.

शनिवारी सकाळी निघताना सौभाग्यवतींनी वही माझ्या हातातून काढून घेतली. "अहो, झेरॉक्स नेलीत तर काय बिघडेल?" बरोबर होते. मूळ वही पावसात नेणे शहाणपणाचे नव्हते. पण रिकाम्या हाताने जाणाऱ्याने निदान खरी वस्तू न्यावी, असे काहीसे मनात होते. ते मला त्यांना नीट सांगता आले नाही. त्यांनी वही धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांमध्ये दोनदा गुंडाळली, तोंडे मेणबत्तीवर चिकटवली आणि वर रबर लावले.

रंकाळा मागे पडला तेव्हा बुरबुर होती. हळदीच्या आसपास उसाच्या फडांमधून जाताना तिची रिपरिप झाली. व्याकरणाच्या पुस्तकात हे शब्द तुम्ही 'अभ्यस्त शब्द' या प्रकरणात पाठ केले असतील: पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक. रिपरिप, पिरपिर, झिमझिम ही अनुकरणवाचकांची उदाहरणे म्हणून मी स्वतः फळ्यावर किती वेळा लिहिली आहेत. हेल्मेटवर पाऊस ऐकत दीड तास गाडी चालवली, की हे शब्द पर्यायी आहेत असे म्हणण्याचे धाडस होत नाही. बुरबुरीचा आवाजच येत नाही. हेल्मेटच्या काचेवर ती दिसते फक्त. रिपरिप कानाशी येते आणि थांबत नाही. सर येते ती आधी समोरच्या डोंगरावर दिसते, मग शेतातून चालत येते, मग अंगावर. तिला थांबून वाट देता येते. रिपरिपीला थांबून काही उपयोग नसतो.

आणि भिजणे वेगळे, सादळणे वेगळे. माझ्या रेनकोटात पाण्याचा थेंब शिरला नव्हता, तरी तासाभरात सदरा, बनियन, खिशातला रुमाल, सगळे दमट होऊन अंगाला लागले होते. आपलाच घाम, आपलीच वाफ. काचेवर आतून श्वास साचतो म्हणून ती बोटभर उघडी ठेवावी, तर तेवढ्या फटीतून थंड फवारा डोळ्यांवर येतो. पापड सादळतो, काडेपेटी सादळते, तंबाखू सादळते. माणसाविषयी हे क्रियापद आपण सहसा वापरत नाही. मी त्या दिवशी ते स्वतःला लावून पाहिले आणि मला ते बसले.

रस्ता भोगावतीच्या खोऱ्यातून वर चढतो. ही नदी पुढे कासारी, कुंभी आणि तुळशी यांच्याबरोबर पंचगंगा होते, आणि ती पंचगंगा २०१९ साली माझ्या पेटीत शिरली होती. राधानगरीचे धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आखले. ते पूर्ण व्हायला मात्र स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. जलाशय भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि खालची गावे, कोल्हापूरसुद्धा, 'किती दरवाजे उघडले' याकडे कान लावून बसतात. धरणाकडे पाहताना राग येईल असे वाटले होते. आला नाही. कॅसेट पलंगाखाली तेवीस वर्षे धरणाने ठेवली नव्हती.

राधानगरीत चहाला थांबलो. टपरीवरच्या बाई नुकत्याच येऊन चूल पेटवत होत्या. "मी बी आत्ताच आलो, बसा की," म्हणाल्या. 'आले' नव्हे, 'आलो'. कोल्हापूरकडे बाया स्वतःविषयी बोलताना हे रूप सहज वापरतात, आणि पुण्या-मुंबईची माणसे त्याला चूक म्हणतात. ती चूक नाही, त्या बोलीचा नियम आहे. शंभर बायांनी शंभर वेळा केलेली गोष्ट चूक कशी असेल? हा मुद्दा तुमच्या परीक्षेत येऊ शकतो, पण मी तो त्यासाठी सांगत नाही. गाडीवरून फिरण्याचा एक लाभ म्हणून सांगतो. एस.टी.त माणूस झोपतो, मोटारीत काचा लावतो. दुचाकीवाल्याला पावसात थांबावेच लागते आणि थांबले की ऐकावे लागते.

बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. कोस म्हणजे सुमारे दोन मैल. बारा कोस म्हणजे अडतीस-एकोणचाळीस किलोमीटर, पावसातला तासाभराचा प्रवास. पायी चालणाऱ्याच्या काळातले हे निरीक्षण आहे आणि चालणाऱ्याला तो बदल फारसा जाणवत नसावा. प्रबंधात मी हेच मांडले होते की भाषा एकदम बदलत नाही. एकेक शब्द आपापल्या जागी बदलतो. 'ओढ्या'चा 'व्हाळ' एका ठिकाणी होतो, 'अंगणा'चे 'खळे' दुसरीकडे, 'आला'चे 'इलो' तिसरीकडेच. या रेषा एकमेकींवरून जात नाहीत. फक्त घाटात वस्ती विरळ असल्यामुळे वर एक भाषा आणि खाली दुसरी, असा भास होतो. विधान आजही मला बरोबर वाटते. एका तरुण माणसाने ते लिहिले तेव्हा त्याला त्या विरळ वस्तीचा पावसाळा ठाऊक नव्हता, एवढेच. माझे सगळे क्षेत्रकार्य कोरड्या दिवसांत झाले होते. पावसाळ्यात महाविद्यालय असे. पावसाच्या शब्दांवरचे माझे प्रकरण मी एकदाही त्या पावसात न भिजता लिहिले.

दाजीपूरच्या जंगलापाशी धुके रस्त्यावर आले. गव्यांचे हे अभयारण्य; वन्य प्राण्यांपासून सावध राहण्याविषयीच्या पाट्या धुक्यातून अचानक उगवत होत्या, गवा मात्र एकही दिसला नाही, आणि वीस हातांच्या पलीकडे दिसत नसताना तो न दिसलेलाच बरा. दिवा लावला तर पुढे पांढरी भिंत उभी राहते. म्हणून दिव्याचा झोत खाली ठेवून, कडेची पांढरी रेघ धरून जात होतो.

आता 'घाट' या शब्दाविषयी थोडे, कारण उतार सुरू होण्यापूर्वी मी तिथे एका कठड्यापाशी थांबलो होतो आणि मनात तेच होते. माझ्या घराजवळ पंचगंगेचा घाट आहे, तो पायऱ्यांचा. समोर फोंडा घाट, तो वळणांचा. भांड्याला घाट असतो, निबंधालाही असतो, तो आकाराचा. नदीचा घाट आणि डोंगराचा घाट दोन्ही माणसाला उतरायला मदत करतात, एक पाण्याकडे, दुसरा समुद्राकडे. खालच्या माणसांना वरचे सगळे 'घाटावरचे', आणि वरच्यांना खालचे सगळे 'खाली कोकणात'. रस्ता एकच.

घाट उतरताना ओल्या रस्त्यावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवावी, क्लच दाबून सोडून देऊ नये, इंजिनच तिला धरून ठेवते. वळणापूर्वी हॉर्न द्यावा आणि वेग वळणाच्या आधीच कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये. नजर खड्ड्यावर ठेवली की चाक खड्ड्यातच जाते. हे मला सगळे माहीत होते. तरीही चौथ्या की पाचव्या वळणावर डोंगरावरून वाहून आलेली तांबडी माती रस्त्यावर पसरली होती, समोरून एस.टी.चा हॉर्न आला आणि माझा हात आपोआप पुढच्या ब्रेकवर गेला. गाडी आडवी झाली. वेग फार नव्हता. मी घसरत कडेला गेलो, आरसा फुटला, गुडघ्यापाशी रेनकोट फाटला. पाठीवरची पिशवी सुटून कडेच्या चरात पडली, आणि चर दुथडी वाहत होता.

एस.टी. थांबली. चालक उतरून आला. "काका, लागलं न्हाई न्हवं?" हे घाटावरचे. खिडकीतून एक म्हातारी बाई म्हणाली, "देवान वाचवल्यान." हे घाटाखालचे. मित्रहो, मला सांगायला संकोच वाटतो, पण चिखलात बसल्या बसल्या मी ती दोन्ही क्रियापदे मनात नोंदवून घेतली. सवय वाईट. त्यानंतर वहीची आठवण झाली आणि मी चराकडे धावलो. पिशवी एका दगडाला अडकली होती. कंडक्टरने ती आधीच उचलली होती आणि पाणी निथळत माझ्यापुढे धरली होती. पिशवीतले कपडे, टॉवेल, पेढ्यांचा पुडा, सगळे भिजले होते. दुधाच्या पिशव्या मी तिथेच, एस.टी.च्या आडोशाला फाडल्या. वरच्या पिशवीत पाणी गेले होते, आतल्या पिशवीच्या एका कोपऱ्यातून थोडे झिरपले होते. वहीचा खालचा उजवा कोपरा ओला होता आणि तिथली निळी शाई पसरली होती. बाकी वही कोरडी होती. चालकाने विचारले, "म्हत्त्वाचं कागद हाईत का?" मी हो म्हणालो. "घराचं हाईत?" मी पुन्हा हो म्हणालो. घर कोणाचे, हे सांगितले नाही.

उरलेला घाट मी पहिल्या गिअरमध्ये उतरलो.

खाली चिऱ्याची घरे सुरू झाली, व्हाळ तांबडे होऊन वाहत होते, भाताच्या खाचरांमध्ये पाणी काठोकाठ होते. वाडी ओळखू आली नाही. रस्ता डांबरी झाला होता आणि घरांवर पत्रे चढले होते. एका मुलीला विचारले, तिने हाताने दाखवले. पडवीत एक साठीचा माणूस विळ्याला धार लावत बसला होता. मी हेल्मेट काढले. त्याने पाहिले, उठला, आणि "खंयसून इलात?" असे कोणत्याही पाहुण्याला विचारतात तसे न विचारता एकदम म्हणाला, "मास्तर! कॅसेट हाडलीत?"

सव्वीस वर्षांनंतरचे हे पहिले वाक्य. मी 'नाही' म्हणालो. पडवीतच उभ्याने सगळे सांगितले: नक्कल केली नाही, पूर आला, कॅसेट गेली. पुरापर्यंत ती तेवीस वर्षे माझ्या घरात धडधाकट होती, हेही सांगितले. ते न सांगताही चालले असते. पूर पुरेसा होता. त्याने विळा खाली ठेवला. बराच वेळ तो पावसाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "भिजलात मरे तुम्ही. आत येवा."

सुनेने कोरडे कपडे दिले. घरात गॅस आला आहे, पण मागच्या पडवीत आंघोळीच्या पाण्याची चूल असते. माझे कपडे आणि टॉवेल तिच्यावर दोरी बांधून टाकले. त्याच्या आईचा एक फोटो भिंतीवर होता, आधार कार्डाच्या फोटोसारखा ताठ. आवाज कोणाकडेच नव्हता. तेव्हा मोबाइल नव्हते, ती गेली तेव्हाही या घरात नव्हता. धाकट्या नातीने पणजीला पाहिलेच नव्हते.

जेवणानंतर मी वही काढली आणि ती कशी आहे ते त्यांना दाखवले. ध्वनिलिपी म्हणजे काय, हे समजावून सांगणे तुम्हाला सोपे, तिथे अवघड होते. मी 'जग' हा शब्द घेतला. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. आपण दोन्ही एकसारखे लिहितो, पण म्हणताना जीभ वेगळ्या जागी जाते. या वहीत ते वेगळे लिहिलेले आहे, म्हणालो. त्याची आई जसे म्हणाली तसे, प्रत्येक अक्षर, कोठे थांबली तेसुद्धा. तो म्हणाला, "मगे वाचा."

पान ६१ मी मोठ्याने वाचू लागलो. पंचावन्न वर्षांच्या घाटावरच्या पुरुषाच्या तोंडून त्याच्या आईचे बोलणे:

"आषाढात पावस लागलो काय आठ आठ दिस सूर्य दिसना नाय. लाकडां पेटणत नाय. पोरांचे कपडे चुलीर सुकवूचे. मगे फाटफटीक एक दिस सगळां निवळता…"

चुलीवर माझा शर्ट वाळत होता. नात तिकडे बघून हसली. तो मात्र हसला नाही. हात वर करून त्याने मला थांबवले. "तसां नाय, मास्तर."

माझा उच्चार अचूक होता. 'मगे'तला ए मी दीर्घ घेतला होता, वहीत त्यापुढे दीर्घत्वाचे दोन ठिपके स्पष्ट होते. मी पुन्हा म्हटले. तो मान हलवत राहिला. मग त्याने डोळे मिटले आणि स्वतः म्हणून दाखवले. 'म' खालून निघाला, 'गे' वर चढला, वर थोडा टांगून राहिला आणि मग हळूहळू, दोन पायऱ्यांनी, खाली आला. त्या एका शब्दात आठ दिवसांचा अंधार संपण्याची वाट पाहणे होते. खोलीत कोणी बोलले नाही. सून दारात उभी होती. ती म्हणाली की सासूबाई अगदी असेच म्हणत.

हेल. आपण हेल काढून बोलणाऱ्याला हसतो. नोंदवायची चिन्हे असतात, मला ती येतही होती. पण प्रबंधाला ध्वनी आणि शब्दरूपे हवी होती, हेल नको होता, म्हणून मी तो उतरवला नव्हता. कॅसेटमध्ये तो आहेच, लागला तर पुढे पाहू, असा विचार केला असणार. व्यंजने नीट होती, स्वर नीट होते, थांबे मोजलेले होते. त्याची आई तेवढी त्यात नव्हती.

मग आम्ही ते पान शेवटपर्यंत केले. मी एक ओळ वाचायची, त्याने ती दुरुस्त करायची. काही ओळी त्याला आठवत नव्हत्या. पण मी शब्द उच्चारला की त्याचा सूर त्याच्याकडून येत होता. काही ठिकाणी सून त्याला दुरुस्त करत होती आणि दोघांचा वाद होत होता. बाहेर झड लागली होती. रात्री साडेअकराच्या सुमारास नातीने मोबाइल मध्ये ठेवला, सगळे पान आजोबांकडून पुन्हा म्हणवून घेतले, आणि मी तिथून उठण्यापूर्वी ते ध्वनिमुद्रण तिच्या, तिच्या आईच्या आणि माझ्या फोनवर गेले की नाही, हे मी तीन वेळा तपासले. वही त्यांच्याकडे ठेवून जाण्याची तयारी मी केली होती. म्हणजे निम्मी केली होती, तुम्हाला खोटे कशाला सांगू. तो म्हणाला, "नको. आमच्याकडे वाळवी आसा."

रविवारी परतताना मी तळेऱ्याकडून वैभववाडीला गेलो आणि भुईबावडा घाटाने गगनबावड्याला चढलो. फोंडा घाट पुन्हा नको वाटला. घाट चढणे उतरण्यापेक्षा सोपे असते. गाडी आपल्या बाजूने असते. आरसा एकच होता. कपडे धुराच्या वासाचे होते आणि कडक वाळले होते, गगनबावड्यापर्यंत पुन्हा सादळले.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सौभाग्यवतींनी गुडघ्याकडे पाहिले, फुटलेल्या आरशाकडे पाहिले आणि विचारले, "वही?"

"कोपरा भिजला," मी म्हणालो.

रात्री ते ध्वनिमुद्रण लावून मी पान ६१ समोर घेतले. पहिल्या दोन ओळी ऐकल्या, थांबवले, मागे नेले. 'मगे'च्या वर, जिथे १९९६ साली मी काहीच लिहिले नव्हते, तिथे पेन्सिलीने वर चढणारी आणि दोन पायऱ्यांनी उतरणारी एक रेघ काढली. बाजूला तारीख घातली. मग तिसरी ओळ लावली.